लेथचा चौथा पाय

बाबा गेले आणि मला लेथ मशीन मिळाली. भावाला घर आणि धानाच्या बांध्या, आणि मला सहा फुटी बेडची, पट्ट्यावर चालणारी, वयाने बाबांपेक्षाही थोर अशी ती लोखंडी म्हातारी. हे वाटप बाबांनी जिवंतपणीच चार माणसांसमोर तोंडी करून ठेवलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते पुन्हा सांगितलं गेलं, तेव्हा लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मला कुणी म्हातारा बैल आंदण दिला होता.

आमच्या सानगडीत मत नसलेला माणूस सापडत नाही. ज्याने जन्मात कधी पाना हातात धरला नाही, तोही शेडमध्ये डोकावून मशीनवर मत देऊन गेला. एकाने चकवर, म्हणजे दांडा पकडणाऱ्या जबड्यावर, थाप मारून 'वजन चांगलं आहे' म्हटलं, बाजारात बोकड बघावा तसं. दुसऱ्याने ती रंगवून घरासमोर मांडायला सांगितली, म्हणजे येणारे-जाणारे फोटो काढतील. तिसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड देशातला गोरा माणूस, हातात कोरे मोजे, मागे मंद संगीत, आणि पंधरा मिनिटांत गंजलेली लेथ आरशासारखी लखलखीत. असे व्हिडिओ बघणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. त्या पंधरा मिनिटांत कुणाची कंबर धरत नाही, कुणाच्या नखात ग्रीस जात नाही आणि बोल्ट तुटला म्हणून कुणी शिव्याही देत नाही.

भावाचं मत सगळ्यांत सोपं होतं. त्याला शेड रिकामी हवी होती, नवं धान आणि खताच्या बॅगा ठेवायला. "ताई, हे भंगार हाय. तू भंडाऱ्याले राहातेस, हे इथं पडून राहिलं. कायले ठेवतं?" मी त्याला म्हटलं की मशीन दुरुस्त करते, सरळ चालवून दाखवते, मग शेड मशीनची. नाही चालली तर भंगारवाल्याला बोलाव, मी तोंड उघडणार नाही. मुदत दसऱ्याची ठरली. मशीन चालण्याची खात्री मला होती, कारण मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवते. सव्वीस वर्षं झाली. लोखंड कसं कातायचं हे जिल्ह्यातल्या अर्ध्या टर्नरांना मी शिकवलंय, आणि उरलेल्या अर्ध्यांना येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

बाबा त्या उरलेल्या अर्ध्यांत होते. हे मी लपवत नाही. चौथी शिकलेला माणूस, नागपूरच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपातून ही मशीन घेऊन आला आणि गावचा मिस्त्री झाला. राइस मिलचे शाफ्ट, मोटरपंपाचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना, जे येईल ते कातायचं. माप घ्यायचं कॅलिपरने, आणि शेवटची खात्री अंगठ्याने. अंगठा फिरवून 'झालं' म्हणायचे. मी दहावीनंतर टर्नर ट्रेडला जायचं म्हटलं तेव्हा गाव हसलं, बाबा हसले नाहीत. मुलींत मी एकटीच होते. पहिल्याच वर्षी माझ्या डोक्यात ज्ञान असं काही भरलं की अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं कशाला म्हणतात त्याचा नमुनाच व्हावा.

तेव्हाचीच एक गोष्ट आहे. संस्थेच्या स्टोअरमधून सही करून मी एक मायक्रोमीटर सुट्टीत घरी आणला होता. त्या दिवशी शेडमध्ये लाखांदूर रोडवरच्या राइस मिलचे शेठ आले होते आणि बाबांनी त्यांचा शाफ्ट नुकताच कातून काढला होता. बाबांनी अंगठा फिरवला आणि 'झालं' म्हटलं. मी पुढे झाले, मायक्रोमीटर उघडला, या टोकाला माप घेतलं, त्या टोकाला घेतलं, आणि शेठसमोर खणखणीत आवाजात सांगितलं की शाफ्टला टेपर आहे. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. चार शतांश मिलिमीटरचा फरक. शेठना काही कळलं नाही, पण मिस्त्री चुकला एवढं कळलं.  बाबा शेठना म्हणाले, उद्या या. मला ते एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

त्या गप्प बसण्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला. पुढे मी इन्स्ट्रक्टर झाले आणि ही गोष्ट दर वर्षी नव्या बॅचला सांगायला लागले. 'एक मिस्त्री होता, अंगठ्याने माप घ्यायचा,' अशी सुरुवात. मिस्त्री माझा बाप होता हे सांगत नव्हते, एवढी लाज होती. मुलं हसायची. शेवटी मी फळ्यावर लिहायची म्हण ठरलेली होती: नाचता येईना अंगण वाकडं. आपलं काम चुकलं की मशीनला दोष देणाऱ्या मिस्त्रींसाठी. बाबांनी त्या दिवशी मशीनला दोष दिला नव्हता, हे मला माहीत होतं. पण म्हण चांगली बसत होती, म्हणून वापरत होते.

पावसाळा ओसरल्यावर मी दर शनिवारी भंडाऱ्याहून साकोलीला आणि तिथून सानगडीला एसटीने यायला लागले. रविवारी दिवसभर मशीन. आधी नुसतं खरवडणं. तेल, कीस, धूळ आणि कोंडा यांचा असा थर बसला होता की खुरप्याने सोलून काढावा लागला. तीन रविवार रॉकेल, लोखंडी ब्रश आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या. भावाची बायको रोज वापरायच्या बादल्या माझ्यापासून लपवून ठेवायला लागली, आणि तिचं बरोबर होतं. पट्टा कुजला होता, तो बदलला. पुढच्या चाकाची मूठ तुटली होती, तिथे बाबांनी कुदळीच्या दांड्याचा तुकडा बसवला होता. गिअरच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचं बिजागर. तेलाच्या भोकांना बाभळीच्या काड्यांची बुचं. एक एक काढत होते आणि एक एक शिवी देत होते. बाबांच्या हयातीत मी हे बोलले नसते असं नाही. मी बोललेच होते, फक्त ते ऐकत नव्हते असं मला वाटायचं.

पुढे एक पितळी पाटी होती, विलायती कारखान्याच्या नावाची. तिच्यावर आता एकही अक्षर नव्हतं. आमच्याकडे दसऱ्याला इतर गॅरेजवाल्यांसारखी हत्यारांची पूजा नसायची. समोरचा वेल्डिंगवाला लिंबू कापायचा, शेंदूर फासायचा, नारळ फोडायचा, आणि वर्षभर मशीनला थेंबभर तेल द्यायचा नाही. बाबा नागपूरहून, दीक्षाभूमीवरून परत आले की दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उघडायचे. सगळी रॉकेलने धुवायचे, पुसायचे, तेल बदलायचे. तेवढ्यात ती पाटीही घासायचे. असं घासून घासून त्यांनी कारखान्याचं नावच पुसून टाकलं. मी शेंदूर फासणाऱ्यांनाही हसायचे आणि पाटी घासणाऱ्यालाही हसायचे.

मशीनच्या मागच्या टोकाला, टेलस्टॉकच्या खालच्या खणात एक दांडा सापडला. वीतभर लांब, मधे बारीक आणि दोन्ही टोकांशी जराशा जाड अशा दोन कडा ठेवलेल्या. कुठलं तरी अर्धवट सोडलेलं काम असणार, मी ठरवून टाकलं, आणि दांडा भंगाराच्या पोत्यात टाकला. हे वाचणाऱ्यांत कुणी टर्नर असेल तर तो इथेच कपाळावर हात मारून घेईल. मारून घ्यावाच. मी अजून मारते.

मग पाय. मशीनला चार पाय, आणि जमिनीचं काँक्रीट जुनं. जॅक लावून, पहारीसारखी सब्बल घालून, भावाला हाताशी धरून एक एक पाय उचलला. तीन पायांखाली लोखंडाच्या साध्या पट्ट्या होत्या. चौथ्या पायाखाली, मागच्या बाजूच्या उजव्या, पत्र्याच्या तुकड्यांची एक चळत होती. तेलाने एकमेकांना चिकटलेले, काळे झालेले, कात्रीने वेडेवाकडे कापलेले डब्याडुब्यांचे तुकडे. खाट हलते म्हणून पायाखाली लोक खापर सारतात, त्यातला प्रकार. मी भावाला ती चळत दाखवली आणि म्हटलं, "पाह्य, तुया बापाची इंजिनिअरिंग."

भाऊ म्हणाला, "माहा एकट्याचा होता का तो?"

चळत पोत्यात गेली. मी संस्थेतून रीतसर सही करून मशीनची स्पिरिट लेव्हल आणली होती, इतकी नाजूक की तिच्याखाली कागद सारला तरी तिचा बुडबुडा सरकतो. चारही पायांखाली नव्या, एकसारख्या प्लेटी टाकल्या, बोल्ट आवळले, आणि अर्धा दिवस घालवून बेड, म्हणजे मशीनचा लांब लोखंडी पाट, पुस्तकात लिहिलाय तसा पाण्यासारखा सपाट केला. बुडबुडा मधोमध. मग खळग्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला, हिरवट राखाडी रंगाचे दोन हात दिले. भावाने भगवा सुचवला होता, तेव्हा मी त्याच्याकडे फक्त बघितलं. पोतं भंगारवाल्याला आत्ताच देऊ का, असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं मला विचारल्याशिवाय काडीला हात लावायचा नाही. विनाकारणच म्हटलं. हुकूम द्यायची सवय.

रंग वाळला. दसऱ्याला आठवडा राहिला होता. मशीन चालू केली तर तिचा आवाज इतका गोड होता की समोरचा वेल्डिंगवाला उठून आला. मी चकमध्ये एक दांडा धरला, दोन टोकांना दोन कडा ठेवल्या, एकाच हत्याराने एकाच सेटिंगवर दोन्ही कातल्या. मशीन सरळ कातते की नाही, हे बघायची ही पुस्तकातली परीक्षा. दोन्ही कडांचं माप एक आलं तर मशीन सरळ. मायक्रोमीटर लावला. सहा शतांशांचा फरक.

बाबांच्या मशीनने बाबांच्या हातून चार शतांश खाल्ले होते. माझ्या हातून, नवा रंग चढवून, सहा.

मी हत्यार बदललं, पुन्हा कातलं. सहा. चक फिरवणाऱ्या स्पिंडलचं बेअरिंग आवळलं. सहा. मायक्रोमीटर खोटा असणार म्हणून दुसरा लावला, तोही सहाच म्हणाला. बेड पुन्हा तपासला, बुडबुडा मधोमध ठाण मांडून बसला होता. मग मी स्वतःला काय बोलताना ऐकलं? मशीनच मुळात टाकाऊ. बेड चकपाशी घासलाय. विलायती कारखान्याने तेव्हाच वाकडी बनवली असेल. गावात वीज धड येत नाही. सव्वीस वर्षं जी म्हण मी फळ्यावर लिहिली ती मी शेडमध्ये उभी राहून जगत होते. दारात भाऊ उभा होता, आणि त्याच्या तिथे उभं राहण्याचा मला अतोनात राग येत होता. मुदत त्यालाही आठवत होती. मशीन भंगारात जाणार होती आणि ती मी घालवणार होते.

दुसऱ्या दिवशी राइस मिलचे शेठ आले. तेच, तीस वर्षांपूर्वीचे, आता काठी टेकत. हंगाम तोंडावर होता आणि मिलचा शाफ्ट घासला होता. गावात मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकलं म्हणून ऑटोत शाफ्ट घालून ते स्वतः आले होते. मी त्यांना खरं ते सांगितलं, की मशीन वाकडं कातते आहे, साकोलीला न्या. ते खुर्चीवर बसले, रंगाचं कौतुक केलं, आणि मग खाली वाकून पायांकडे बघितलं.

"त्या पायाखालचा पत्रा कुठी गेला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काढला. तो जुगाड होता. आता मशीन लेव्हलमध्ये आहे.

"लेवल गिवल मले समजत नाही, बाई," ते म्हणाले. "पण तुया बापानंच मले सांगतलं होतं. तू तो मापाचा डबीतला यंत्र लावला नाही का, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सायकलवर शाफ्ट घेऊन मिलवर आला. म्हणे, शेठ, पोरगी बोलली तेच खरं निघालं. मशीनचाच दोष होता. पायाखाली पत्रा घातला, आता घ्या, सूतभर काय, केसभर फरक नाही. महिनाभर त्याचं तेच चालू होतं. चहाच्या टपरीवर, बाजारात, कोणी भेटला का सुरू. माह्या पोरीनं माही मशीन पकडली म्हणे."

मला बसावंसं वाटलं, पण शेडमध्ये खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ते बसले होते.

आमच्याकडे ही रीतच आहे. बाप पोरीला बरोबर आहेस म्हणत नाही. गावाला म्हणतो. टपरीला म्हणतो, शेठला म्हणतो, एसटीच्या कंडक्टरला म्हणतो, आणि घरी आला की ताटावर बसून म्हणतो मीठ कमी आहे. तोंडावर कौतुक केलं तर पोर बिघडतं, अशी समजूत. मग पोर बिघडतंच, फक्त दुसऱ्या बाजूने. तीस वर्षं सगळ्या सानगडीला माहीत होतं की माझा बाप माझ्यापुढे हरला आणि त्याला त्याचा आनंद झाला. माहीत नव्हतं ते मला एकटीला. त्यांतली सव्वीस वर्षं मी भंडाऱ्यात बसून दर वर्षी नव्या मुलांना त्या माणसावर हसवत होते. मला त्यांचा राग आला, गेलेल्या माणसाचा येतो तेवढा, म्हणजे पुष्कळ.

शेठना चहा पाजून ऑटोत बसवून दिलं आणि मी पोतं अंगणात उलटं केलं. ते अजून तिथे होतं, हे माझ्या हुकूम द्यायच्या सवयीचं एकमेव पुण्य. पहिल्यांदा दांडा हाताला लागला, तो दोन कडांचा. आता मात्र मला कळलं. अंगणातच बसून मी दोन्ही कडांना मायक्रोमीटर लावला. माप एक. तंतोतंत एक. हा दांडा अर्धवट सोडलेलं काम नव्हता. पुस्तकातली जी परीक्षा मी मुलांना शिकवते, तीच होती ती. बाबा दसऱ्यानंतर मशीन धुतल्यावर दर वर्षी हा एकच दांडा चकमध्ये धरत असणार आणि दोन्ही कडांवरून एक हलका हात मारत असणार. कड जवळून बघितली तर एकेका वर्षाच्या कातणीच्या पायऱ्या तिच्या बाजूला दिसत होत्या. दोन्ही कडा कधीकाळी दोन बोटं जाड असतील, आता अंगठ्याएवढ्या उरल्या होत्या. ही परीक्षा त्यांना कुणी शिकवली ते मला माहीत नाही. चौथी शिकलेल्या माणसाला ती येत असेल, ही शंकाही माझ्या मनात आली नव्हती, आणि दांडा तर हातात होता.

मग चळत. रॉकेलच्या बादलीत टाकली आणि एक एक तुकडा सुटा केला. वरचे तुकडे अलीकडचे, तेलाच्या डब्याचे. त्याखाली पावडरच्या डब्याचा गुलाबी. त्याखाली बिस्किटांच्या डब्याचा. मशीन वर्षावर्षाला चकपाशी घासत गेली आणि तिला सरळ ठेवायला ते त्या एका पायाखाली एक एक तुकडा वाढवत गेले. घासलेला बेड पुस्तकाप्रमाणे सपाट बसवला तर तो वाकडंच कातणार. त्याला किंचित पीळ द्यावा लागतो, आणि तो पीळ त्या पत्र्यांत होता. मी तो पोत्यात टाकला होता आणि वर रंग दिला होता.

सगळ्यांत खालचा तुकडा पिवळा निघाला. चिंधीने पुसला. पिवळ्यावर निळ्या रेघा, काठाला वळलेली कड, आणि कोपऱ्यात कर्कटकाने कोरलेलं एक अक्षर. माझ्या नावाचं पहिलं अक्षर. ते माझ्या कंपासपेटीचं झाकण होतं.

ती पेटी हरवली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. ड्रॉइंगची परीक्षा तोंडावर होती आणि पेटीच जागेवर नव्हती. कंपास, कर्कटक, गुण्या सगळं खाटेवर नीट मांडून ठेवलेलं, फक्त डबा गायब. असा चोर जगात कुठे असतो, हा विचारही मी केला नाही. भाऊ तेव्हा नववीत होता आणि माझ्या वस्तूंना हात लावायची त्याला खोड होती. एवढा पुरावा मला पुरेसा झाला. मी त्याच्या दोन कानशिलात लगावल्या होत्या.

मी तुकडे त्याच क्रमाने लावले, पिवळा सगळ्यांत खाली. भावाला हाक मारून जॅक लावायला सांगितलं. चौथा पाय उचलला, माझी नवी कोरी प्लेट काढून फेकली, चळत सारली, पाय खाली घेतला. बेडवरच्या लेव्हलचा बुडबुडा एका बाजूला पळून गेला. पुस्तकाप्रमाणे मशीन आता वाकडी होती. चकमध्ये बाबांचा दांडा धरला, दोन्ही कडांवरून एक हलका हात मारला, मशीन बंद केली. मायक्रोमीटर उचलण्याआधी मी अंगठा फिरवला. मला अंगठ्याने काहीही कळत नाही, तरी फिरवला. मग माप घेतलं. दोन्हीकडे एकच.

भाऊ वाकून बघत होता. मी त्याला म्हटलं, सरळ आहे. तो म्हणाला, मग शेड तुझी. आणि जॅक उचलून निघाला. मी शेठना आत्ताच फोन करावा, त्यांच्याजवळ सगळं सांगावं, भाऊ बिचारा निर्दोष होता हेही सांगावं, असं माझ्या मनात आलं. फोन हातातही घेतला. आणि मग मला दिसलं की मी काय करते आहे. बापाची रीत बापाबरोबर गेली नव्हती. ती इथेच, माझ्या हातात होती.

फोन ठेवला आणि त्याला परत बोलावलं. पन्नाशीला आलेल्या बाईला हे शब्द जड जातात, विशेषतः जिने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजायचा पगार घेतला तिला. मी त्याला पायाखालचा पिवळा कोपरा दाखवला, चळतीतून जरासा बाहेर आलेला.

"माही कंपासपेटी," मी म्हटलं. "तुनं नव्हती घेतली. मी तुले उगाच मारलं."

तो गुडघ्यावर बसला आणि त्याने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं चिडेल. चिडायला हवा होता.

"तू मारत होतीस तवा बाबा दारातच उभा होता," तो म्हणाला. "काही बोलला नाही. मंग मले सायकलवर बसवून बाजारात नेलं अन् पोटभर जिलबी खाऊ घातली. मी इचारलं, आज काय हाय? तं म्हणे, खा चुपचाप." त्याने हात झटकले. "काहून खाऊ घातली ते मले आज समजलं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेऊन राहिले. सकाळी रॉकेल आणलं, मशीन उघडली, आणि भावाला चिंध्या आणायला सांगितल्या. पितळी पाटीवर घासण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तीही घासली.